कोणाक सांगूं नाकात

बुधवारी मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात असते. समुपदेशक म्हणून माझ्याकडे अशी तीन हायस्कुलं आहेत. बसायला खेळाच्या सामानाची खोली: कॅरम बोर्ड, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि जूनपासून भिंतीला ओल. पत्र्यावर पाऊस धडधडायला लागला की मुलं जास्त बोलतात, कारण बाहेर काही ऐकू जात नाही याची त्यांना खात्री असते. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

दहावीतला तो मुलगा चिठ्ठी घेऊन आला. वर्गात झोपतो, मोबाईलचं व्यसन आहे, समज द्यावी, एवढंच चिठ्ठीत होतं. मी त्याला इथे बाबू म्हणते, आमच्याकडे कुठल्याही मुलाला म्हणतात तसं. शाळा सुरू झाल्यापासून तो तीनदा पोट दुखतं म्हणून घरी राहिला होता आणि दोनदा दवाखान्यातून आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन आला होता. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं मूल, असं शिक्षकांना अजून वाटतं. माझ्याकडे रडणारी मुलं फार थोडी येतात. पोट दुखतं, डोकं दुखतं, आईवर खेकसतात, रात्री जागतात आणि वर्गात झोपतात. या वयात उदासीच्या जागी नुसती चिडचिडच दिसू शकते, हे मी शिक्षकांच्या प्रत्येक सभेत सांगते. चिठ्ठ्या मात्र 'समज द्यावी' अशाच येतात.

नैराश्य तपासायचा आमचा फॉर्म नऊ प्रश्नांचा. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, त्याला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्यावर गेली की गांभीर्याने बघायचं. हा फॉर्म मला इंग्रजीत मिळालेला आहे. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत. इंग्रजी कागद पुढे आला की त्यांना तो पेपरच वाटतो. बाबूने नऊच्या नऊ ठिकाणी शून्याला गोल केला आणि पेन टोपण लावून परत दिलं. विचारलं तर म्हणाला, "टेन्शन ना." म्हणजे टेन्शन नाही. मनातल्या सगळ्या दुखण्याला आमच्या मुलांकडे 'टेन्शन' हा एकच शब्द आहे.

मी कागद बाजूला ठेवला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती, गावोगाव आरत्या-भजनांची तयारी चालू होती. "तुमच्याकडे पखवाज कोण वाजवतो रे?"

"आदीं हांव."

मे महिन्यापासून तो भजनाला गेलाच नव्हता. का, तर "हात चलतात, पूण मन लागना." नऊ प्रश्नांतला पहिला प्रश्न तोच, फक्त बाबूच्या भाषेत. मग मी उरलेले तसेच विचारत गेले, जेवणावरून, नदीवर पोहायला जाण्यावरून, रात्री किती वाजता डोळा लागतो त्यावरून. बेरीज 15 झाली आणि नववा प्रश्न राहिला.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो सरळ विचारायचा, शब्द न चोरता. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते भरतं अशी भीती शिक्षकांना असते, पण तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलाला सुटल्यासारखं वाटतं. बाबू बराच वेळ कॅरमच्या सोंगट्या रंगाप्रमाणे लावत राहिला. मग म्हणाला, "हांव सांगतां, पूण तुमी कोणाक सांगूं नाकात."

मी म्हटलं, "सांग."

या एका शब्दापाशी मी अजून अडकलेली आहे. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला घरी सांगावं लागेल, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगते. त्यालाही सांगितलं होतं, पण नाव, इयत्ता, गाव विचारण्याच्या ओघात, मराठीत, घाईने. पुन्हा बजावायला हवं होतं ते त्या क्षणी. बजावलं तर तो मिटून बसेल या भीतीने मी गप्प राहिले. त्याने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. नुसता विचार नव्हता, दिवसही ठरला होता, एवढंच.

आईला बोलवावं लागेल असं म्हटल्यावर त्याने सोंगट्यांवरून हात उचलला. "तुमी सांग म्हणलें."

त्याचं ऐकण्यात चुकलं नव्हतं. त्या 'सांग'चा दुसरा अर्थ होतच नव्हता.

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न होता, यात शाळेचं नाव येणार नाही ना. ते माझ्या मनातून गेलेलं नाही. पण पाच मिनिटांनी गाडीची किल्लीही त्यांनीच काढली, हेही लिहिलं पाहिजे. बाबूच्या घरी मोबाईलला रेंज नाही. सरकारचा मानसिक मदतीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मी तो प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिते, पण तो लावायला या मुलांना डोंगरावर चढावं लागतं. शेवटी गावातल्या दुकानदाराकडून निरोप गेला आणि आई कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, तशीच भिजत आली.

ती म्हणाली, खाण बंद पडली तेव्हापासून घराचं असंच झालंय. नवरा ट्रकवर होता. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा एकदा घरी बसला, 2018 मध्ये पुन्हा. ते खोटं नाही. पण आमच्या भागात प्रत्येक दुखण्याला खाण हेच कारण मिळतं आणि एकदा कारण मिळालं की माणसं तिथेच थांबतात. मी तिला म्हटलं, कारण मागाहून बघू. फवारणीची औषधं आज घरातून हलवा, रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, आणि आत्ता माझ्याबरोबर बांबोळीला चला. बांबोळीला मेडिकल कॉलेजही आहे आणि मनोरुग्णालयही. त्यामुळे गावात 'बांबोळेक गेल्ली' एवढंच सांगून भागतं.

तिने एकच अट घातली, आधी गावदेवी सातेरीला कौल लावायचा. पुजाऱ्याला घरून बोलावलं, पाकळ्या लावल्या; उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. अर्धा तास मी सभामंडपात बाबूच्या शेजारी उभी होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. डावी पडली असती तरी मी त्याला नेणारच होते. कसं, ते मला माहीत नव्हतं. उजवी पडली. त्यानंतर ती बाई एकदाही डगमगली नाही. नवरा फोनवर ओरडला तेव्हा म्हणाली, देवीन सांगलां. आठव्या दिवशी मला विचारलं, गुण का येत नाही. या औषधांना चार ते सहा आठवडे लागतात, म्हटलं. तिने ते कॅलेंडरवर मोजले. बांबोळीची एकही तारीख तिने चुकवली नाही, दर वेळी दोन बस बदलून आणि दिवसाची मजुरी सोडून.

डिसेंबरात जत्रेच्या भजनाला बाबूने पखवाज वाजवला. आईने डोंगरावर चढून फोन केला आणि ऐकवला. पावसाळा नव्हता, आवाज स्वच्छ आला. माझ्या खोलीत मात्र तो पुन्हा आला नाही. बांबोळीच्या डॉक्टरांशी बोलतो. व्हरांड्यात मी समोरून आले की भिंतीच्या बाजूने जातो.

आता नवव्या प्रश्नाआधी मी थांबते आणि अट पुन्हा सांगते, कोंकणीत, सावकाश. तेव्हापासून दोन मुलं ती ऐकून गप्प झाली. दोघांच्याही घरी त्याच दिवशी निरोप पाठवला, पण मुलांच्या तोंडून काही आलं नाही. एक मुलगा पुढच्या बुधवारी आपण होऊन आला. दुसरी नववीतली मुलगी. दर बुधवारी मधल्या सुट्टीत मी तिच्या वर्गावरून जाते. ती डबा खाताना दिसली की मी माझ्या खोलीत येऊन बसते.