कसबा ते मंडई: शनिवारवाडा आधी बघू नका

पुण्यात पहिल्यांदा आलेला पाहुणा बहुधा रिक्षाने थेट शनिवारवाड्यावर उतरतो, दिल्ली दरवाज्यातून आत शिरतो, हिरवळ आणि जोती बघतो आणि वीस मिनिटांत बाहेर येऊन म्हणतो, "आत काही नाहीच की!" तक्रार खरी आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याचे वरचे मजले विटा-लाकडाचे होते. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत ते गेले, दगडी जोती उरली. म्हणून फेरी कसब्यातून सुरू करावी, शनिवारवाडा मध्ये घ्यावा आणि तिथे जे जळालं त्याचा नमुना पुढे विश्रामबागवाड्यात बघावा.

सगळं मिळून साडेतीन-चार किलोमीटर चालणं होतं. वेळ मात्र चार तास धरा. सकाळी साडेआठला कसबा पेठ मेट्रो स्थानकातून बाहेर पडलात की एकपर्यंत मंडई गाठता येते. दुपारी एक ते चारबद्दल पुण्याची चेष्टा होते ती होते, पण पेठांतली बरीच दारं तेव्हा खरंच लोटलेली असतात. स्वतःची गाडी आणू नका. सम-विषम तारखेचं पार्किंग पाहुण्याला कळेपर्यंत गाडी उचलली गेलेली असते.

आधी पूर्वेला, सोमवार पेठेत नागझरी ओढ्याच्या काठी, त्रिशुंड गणपती. बांधकामाला १७५४ मध्ये सुरुवात झाली, प्रतिष्ठापना १७७० मध्ये. काळ्या दगडाचं, ठेंगणं, गल्लीत दडलेलं देऊळ. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती बघायला लोक लगेच आत जातात आणि दर्शनी भिंत राहूनच जाते. तिच्यावर गेंड्याला साखळदंडाने बांधणारा इंग्रज शिपाई कोरलाय. दिसला नाही तर तिथल्याच कुणाला तरी विचारा. आतले शिलालेख संस्कृत आणि फारसी असे दोन्ही आहेत. खालचं तळघर एरवी पाण्याने भरलेलं असतं, ते गुरुपौर्णिमेला उघडतं.

तिथून परत कसब्यात, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत. पत्ता विचारायची गरज पडत नाही, ठोक्यांचा आवाज ऐकत जायचं. दहाच्या आत गेलात तर मात्र आळी गप्प असते. इथे बघायचं ते मठारकाम. घडवलेलं भांडं लोखंडी आधारावर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देत जायचं, एकाला एक लागून. ही नुसती नक्षी नव्हे. तांबं ठोकल्याने कडक होतं आणि पातळ पत्र्याच्या भांड्यालाही सहज पोचे पडत नाहीत. मात्र जास्त ठोकलं तर ते तडकतं, म्हणून घडवताना मधूनमधून तापवून नरम करावं लागतं.

विकत घेणार असाल तर भांड्याच्या आत बोट फिरवा. हाताने मठारलेल्या भांड्याला आतून आधार असतो, त्यामुळे आतली बाजू बऱ्यापैकी सपाट लागते आणि बाहेरचे ठोके थोडे लहानमोठे असतात. साच्यात दाबलेल्या पत्र्याला बाहेर जितके खड्डे, तितकेच उंचवटे आत जाणवतात, सगळे एका मापाचे. किंमत वजनावर ठरते, तेव्हा समोर तोलून घ्या. पाण्यासाठी तांब्या असेल तर कल्हई नको. स्वयंपाकासाठी हवी, नाहीतर ताक-आमटी कळकते. फोटो काढण्याआधी विचारा. कारखाना म्हणजे बहुतेक वेळा घराचाच पुढचा भाग असतो.

कसबा गणपती, म्हणजे मानाचा पहिला, इथून जवळच. पुढचा लाल महाल झटकन उरकला तरी चालेल. आज दिसते ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, शिवकालीन नाही.

मग शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे लांब अणकुचीदार खिळे किती उंचीवर आहेत ते बघा. हत्तीने डोक्याने धडक देऊ नये म्हणून ते तिथे आहेत. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, उजवीकडे वळते. फौज एका दमात घुसू नये, हा हेतू. तटावर चढून फिरल्याशिवाय परतू नका. वाड्याचा पसारा जोत्यांमधून चालताना कळत नाही, तो वरून उमगतो.

दक्षिणेला बुधवार पेठेत भिडेवाडा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: १८४८ मध्ये फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा काढली तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. जागा दगडूशेठ गणपतीच्या समोर आहे, जुनी वास्तू नाही.

बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. आधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघा. सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब आणि त्यांवर पेललेला सज्जा. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर असं काही उभं करून बघितलं की सकाळची हिरवळ वेगळी दिसायला लागते. आतला भाग दुरुस्तीसाठी बंद असला तरी दर्शनी भागासाठी जाणं वाया जात नाही.

तुळशीबागेत उंच शिखर लांबून दिसतं, पण देवळाचं दार सापडत नाही, कारण सगळीकडून दुकानं आहेत. शिखराकडे बघत चालू नका, गर्दीत ते लगेच लपतं. "राममंदिर कुठून?" असं भांडीवाल्याला विचारा. शेवटी मंडई, १८८६ ची दगडी, मध्ये अष्टकोनी मनोरा. आत जाऊन उंच गाळ्यांवर बसलेल्या भाजीवाल्यांकडे मान वर करून भाव विचारावा लागतो.

परतीला मंडईचं मेट्रो स्थानक जवळच आहे. रिक्षाच हवी असेल तर स्वारगेटकडे जायला शिवाजी रस्त्यावर उभे राहा आणि शनिवारवाड्याकडे जायला बाजीराव रस्त्यावर. दोन्ही एकेरी आहेत, चुकीच्या रस्त्यावर हात केलात तर रिक्षावाला थांबेल, पत्ता ऐकेल आणि मान हलवून पुढे निघून जाईल.