जर्नलमध्ये नसलेलं धुणं

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उद्दिष्ट असतं, साहित्य असतं, कृती असते, निष्कर्षाभोवती पट्टीनं आखलेली चौकट असते. भांडी कुणी घासली याला मात्र रकाना नसतो. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो न आखलेला रकाना मामांचा, म्हणजे आमच्या परिचरांचा. रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि सिंकपाशी दिवसभर ब्रशची खसखस.

एखादी मुलगी बीकर नळाखाली धरते, दोनदा विसळते आणि रॅकवर उपडा घालते. "धुतलो की मामा!"

मामा तो उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरतात. "ह्याला धुतलं म्हणत्यात व्हय गं? पाणी बघ की कसं तुटलंय."

काच खरोखर स्वच्छ असली की पाण्याचा पातळ पडदा सलग खाली उतरतो. कुठं तेलकटपणा राहिला असेल तर तेवढ्याच जागी तो फाटतो आणि थेंब गोळा होतात. या परीक्षेला यंत्र लागत नाही. खिडकी लागते, आणि चार वाजताची एसटी पकडायची घाई नसावी लागते.

घासण्याचं महत्त्व कोल्हापूरच्या पोरांना पटवायला दूध पुरेसं आहे. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारं हे गाव, आणि जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था. भाव ठरतो फॅटवर. आता बहुतेक ठिकाणी मशीन दूध ओढून घेतं आणि आकडा दाखवतं, पण वर्गात आम्ही फॅट मोजायची जुनी गर्बर पद्धत अजून शिकवतो. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे मानेवर आकडे कोरलेल्या काचेच्या नळीत, १० मिली गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि मानेत चढलेला पिवळसर स्तंभ वाचायचा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. वाचून झाल्यावर ती नळी गरम आहे तोवरच रिकामी करायची, हे पाठ नसतं. थंड झाली की चरबी मानेत घट्ट बसते आणि बारीक ब्रशही तिथं हात टेकतो. राहिलेली चरबी पुढच्या नमुन्यात वितळून आकडा फुगवते, म्हणजे एकाच्या म्हशीचं फॅट दुसऱ्याच्या खात्यावर. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात अशा भागात हे परवडण्यासारखं नाही. शिवाय आतलं आम्ल अजून जळजळीत असतं. ते भरपूर पाणी घेतलेल्या भांड्यात हळूहळू सोडायचं, कधीही आम्लावर पाणी ओतायचं नाही.

दुधाची दुसरी परीक्षा तर याहून हळवी. दुधात मेथिलीन ब्लू घालून ३७ अंशांवर ठेवायचं आणि निळा रंग कधी उडतो ते बघायचं. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. टेस्ट ट्यूबमध्येच जुने जिवाणू दडलेले असतील तर रंग उडवतात ते, आणि बदनाम होतं बिचारं दूध. अर्धवट धुतलेली काच अशी खोटी साक्ष देते, आणि तिला उलटतपासणीला कुणी उभं करत नाही.

दुधाचं भांडं आधी गार पाण्यानं विसळायचं. थेट गरम पाणी घातलं तर प्रथिनं गोठून काचेला चिकटतात. त्यानंतर साबण, ब्रश, गरम पाणी, काय हवं ते. आणि साबण गेला पाहिजे, कारण साबणाचा अंशही जिवाणूंची वाढ रोखू शकतो. इथं लोक भसाभस पाणी ओततात आणि समाधान मानतात. हिशोब करून बघा. फ्लास्कमध्ये दर वेळी १ मिली पाणी मागं राहतं असं धरलं, तर एकदम ३० मिली पाण्यानं विसळल्यावर मूळ घाणीचा ३१ वा भाग उरतो. तेच ३० मिली दहा-दहा करून तीनदा वापरलं तर उरतो १३३१ वा भाग. पाणी तेवढंच! शेवटचा हात ऊर्ध्वपातित पाण्याचा.

पूर्वी या सगळ्यावर रामबाण होता क्रोमिक आम्ल: तीव्र गंधकाम्लात पोटॅशियम डायक्रोमेट, लालसर तपकिरी. काच रात्रभर बुडवली की सकाळी लखलखीत. ती चमक आठवून हळहळणारे जुने प्राध्यापक अजून भेटतात. मामा हळहळत नाहीत, एप्रनला भोकं त्यांच्या पडायची. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं आणि विसळल्यावरही थोडं काचेला धरून राहतं. साधा प्रयोगशाळेचा द्रव साबण आणि रात्रभर भिजत घालणं यावर आमचं उत्तम भागतं.

सूक्ष्मजीवांच्या खोलीत आणखी एक उलटा क्रम आहे. जिवाणू वाढवलेली भांडी सिंककडे न्यायचीच नाहीत. आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या बंद भांड्यात, जिवाणू मारायचे, मग घासायचं, वाळवायचं, आणि वापरायच्या आधी पुन्हा निर्जंतुक करायचं. नव्या पोरांना हा चेष्टेचा विषय वाटतो. पण ब्रशचे तुषार तोंडावर उडतात ते कुणाचे, हा प्रश्न विचारला की चेष्टा थांबते.

हे ऑटोक्लेव्ह चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत घडवलं. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. झाकण बघून सगळ्यांना कुकर आठवतो आणि धोका तिथंच आहे. कुकरची शिट्टी चमच्यानं उचलून वाफ सोडायची घरातली सवय इथं चालवली तर दाब एकदम उतरतो आणि फ्लास्कमधलं द्रावण उसळून बाहेर येतं. काटा आपण होऊन शून्यावर येईपर्यंत गप्प बसायचं. बाटल्यांची झाकणं आत ठेवतानाच सैल करायची. आतली हवा आधी निघून गेली पाहिजे, नाहीतर काटा १५ दाखवतो पण तापमान तिथवर पोचत नाही. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. इथं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजतो, म्हणून १५ पौंडांवर १२१ ला किंचित कमीच पडतं. आम्ही काट्यापेक्षा तापमापीवर विश्वास ठेवतो.

कोरड्या काचेला वाफेची गरज नाही. पेट्री डिश आणि तोंडाला कापूस घातलेल्या पिपेट कागदात गुंडाळून हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास. ॲसिटोननं विसळलेलं काही मात्र त्यात घालायचं नाही, पेट घेईल.

घासताना हात कापतो तो बहुतेक वेळा टवका उडालेल्या काठानं. म्हणून मामा आधी काठ बघतात आणि चीर दिसली की भांडं सरळ फुटक्या काचेसाठी ठेवलेल्या निळ्या खुणेच्या डब्यात. ब्रेकेज रजिस्टरवर नाव चढणार म्हणून पोरं कळवळतात.

"मामा, नुसती चीर हाय की!"

"व्हय. आणि तुझं नुसतं बोट हाय."