पायातली शीर छातीत गेल्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवते आणि ताणून बघते, हे कळलं की ज्यांच्या घरात बायपास झालंय त्यांचा प्रश्न ठरलेला: "पायातली शीर काढून हृदयाला लावलीय. ती तिथे टिकेल ना हो?"

टिकते, पण तशीच राहत नाही. दहा वर्षांत अशा शिरांपैकी ४० ते ५० टक्के बंद पडतात. छातीतलीच धमनी वळवून जोडली असेल, तर ती मात्र बहुतेकांची चालू असते. अमेरिकेत क्लीव्हलँडला सर्जन रेने फावालोरोंनी १९६७ मध्ये पायाची शीर वापरून बायपासची ही शस्त्रक्रिया रुळवली, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे.

माणूस आडवा असताना शिरेतला रक्तदाब पाऱ्याच्या दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. धमनीत १२०/८०, तोही मिनिटाला सत्तर धक्क्यांनी. (उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेतही दाब ९० पर्यंत चढतो, हे खरं. पण त्यात ठोका नसतो.)

हा धक्का पेशीला कळतो कसा, ते आमच्या डिशमध्ये दिसतं. तिचा तळ सिलिकॉनच्या पातळ पडद्याचा. खालून हवा खेचली की पडदा ताणतो, सोडली की पूर्ववत. सेकंदाला एकदा, दहा टक्के ताण. वर बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी. सुरुवातीला त्या फरसबंदीसारख्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, कुणाचं तोंड कुणीकडे याला काही धरबंध नाही. संध्याकाळी यंत्र लावून जायचं. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघावं, तर झाडून सगळ्या लांबट झालेल्या आणि ताणाच्या दिशेला काटकोनात वळलेल्या! रक्तवाहिनी घेरात ताणली जाते, म्हणजे काटकोनात वळलेली पेशी आपोआप रक्ताच्या वाहण्याच्या दिशेनं लागते. ना मज्जातंतू, ना मेंदू. मला अजूनही हे बघायला आवडतं.

पेशीच्या आवरणात ताणानं उघडणारी दारं असतात. त्यांतलं एक, पिएझो-१, आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये शोधलं. संशयित जनुकं एकेक करून बंद करायची आणि पेशीला बारीक काचेच्या नळीनं टोचून ती प्रतिसाद देते का ते बघायचं, हा उद्योग. बहात्तराव्या जनुकाला पेशी गप्प बसली. २०२१ च्या नोबेलमागे हेच काम. दार उघडलं की क्षणात कॅल्शियम आत शिरतं आणि पुढची सगळी धावपळ सुरू होते.

शिरेच्या भिंतीतल्या स्नायुपेशींचं काम एरवी आकसण्याचं. धमनीचा ताण दिवसेंदिवस पडत राहिला की त्या ते सोडून विभागू लागतात, अस्तराखाली सरकतात, तंतू विणतात. भिंत जाड होते. हे चुकीचं नाही: भिंत जाड झाली की तोच दाब जास्त जाडीवर वाटला जातो, प्रत्येक पेशीचा वाटा कमी होतो. म्हणून "शीर खराब निघाली" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. बिचारी आपल्या परीनं धमनी व्हायला बघत असते. गंमत अशी की शिरेच्या पेशींवरची खास प्रथिनं कमी होतात, पण धमनीची म्हणावी तशी येत नाहीत. आणि हे जाड होणं कुठे थांबायचं, ते प्रत्येक शिरेला साधत नाही. मग त्या जाड थरात चरबी साचते. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर बंद करू देत नाहीत, ती यासाठीही.

एक गोष्ट मात्र शीर जोडण्याआधीच घडते. पायातून काढल्यावर गळते का ते बघायला सिरिंजनं द्रव भरून ती फुगवतात. हात जरा जड पडला, तर तेवढ्यातच आतलं अस्तर सोलवटतं. स्वीडनमध्ये ऑरेब्रोला सर्जन डोमिंगोस सूझा यांनी १९९० च्या दशकात शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायला सुरुवात केली, आणि त्या शिरा जास्त टिकलेल्या दिसल्या. पायाची जखम मात्र भरायला त्रास देते, त्यामुळे सगळे सर्जन तसं करत नाहीत. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर शीर कशी काढणार, एवढं सर्जनना जरूर विचारा.