चौथी ओळ

टूर लीडर म्हणून मी रोमला नेहमी जातो, पण रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान मला खऱ्या अर्थाने दाखवली ती ग्रुपमधल्या एका काकांनी. त्यांचं आयुष्य संगमरवरी पाट्या कोरण्यात गेलेलं. कॅपिटोलिन टेकडीवरून फोरमकडे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाकडे उतरताना कठड्यापाशी थांबलं, की कमानीच्या माथ्यावरचा लेख जवळजवळ समोर येतो. काकांनी मोबाईलवर झूम केलं. "अहो, ही चौथी ओळ मागाहून कोरलीय. दगड खाली गेलाय बघा. आणि ही सगळी भोकं काही या अक्षरांची नाहीत."

अगदी बरोबर होतं. कमान इ. स. 203 ची. खाचांत ब्राँझची अक्षरं बसवलेली असत. ती केव्हाच गेली, खिळ्यांची भोकं उरली. चौथ्या ओळीत जुन्या-नव्या मजकुराची भोकं एकमेकांत मिसळलीत. त्यांवरूनच अभ्यासकांनी आधीचं नाव लावलं: गेटा, सम्राटाचा धाकटा मुलगा. 211 च्या डिसेंबरात थोरल्या कॅराकॅलाने त्याला आईच्या कुशीतच ठार करवलं आणि त्याचं नाव साम्राज्यभर खोडायला लावलं. इथे त्या जागी आलं 'सर्वोत्तम आणि महापराक्रमी अधिपतींना'. धाकट्याच्या नावावर बाप आणि थोरल्याची स्तुती! त्या ओळीचा मला अजून राग येतो.

हे काम चोरून होत नसे. खरवडून काढणे या अर्थाचं 'एरादेरे' हे क्रियापद लॅटिन इतिहासकार सरळ वापरतात. 96 साली सम्राट डोमिशियन मारला गेल्यावर त्याचे लेख सगळीकडून खरवडण्याचा ठराव सिनेटने केला, असं स्वेटोनियस लिहितो. सम्राट टायबेरियसने एका सिनेटरचं नाव यादीतून काढलं, तिथे टॅसिटसकडेही तेच क्रियापद आहे. गाईड मंडळींच्या तोंडी असलेलं 'डॅम्नाशियो मेमोरिए' (स्मृतीला दोषी ठरवणं) हे नाव मात्र रोमनांचं नव्हे, 17 व्या शतकातलं.

जेवणाच्या सुट्टीत काका म्हणाले, "असं अजून कुठे आहे?" मी त्यांना जवळच्या सराफांच्या कमानीकडे नेलं. ती 204 ची. आतल्या बाजूला सेव्हेरस आणि राणी युलिया डोम्ना पूजाविधीला उभे आहेत, शेजारी गेटाएवढी मोकळी जागा. काका बराच वेळ बघत राहिले. "पाटीवर नवीन अक्षरं टाकता येतात. उठावाचं काम एकदा छाटलं की संपलं, परत वर कुठून आणणार?"

समोरच्या भिंतीवर कॅराकॅला एकटाच आहे. त्याची बायको आणि सासरा तिथून काढलेत, हे मी सांगायच्या आत काकांचं बोट त्या जागेवर गेलं होतं.