पॅरिसच्या लुव्र म्युझियममध्ये गेलात तर 'लिबर्टी लीडिंग द पीपल' या चित्राचा खालचा डावा कोपरा बघा

पॅरिसचं बाकी सगळं छान झालं, आयफेल, सीनमधली बोट वगैरे, त्यावर लिहीत बसत नाही.

लुव्रमध्ये मोनालिसापुढे मरणाची गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर, वैतागून बाहेर पडलो आणि जवळच्याच लाल भिंतींच्या दालनात शिरलो तर समोर फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाचं 'लिबर्टी लीडिंग द पीपल', सव्वातीन मीटर रुंद! बरेच जण हे १७८९ च्या फ्रेंच क्रांतीचं समजतात, पण हे १८३० च्या क्रांतीचं. फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने वर्तमानपत्रांचा गळा आवळला, सभागृह बरखास्त केलं, लोक रस्त्यावर उतरले आणि २७ ते २९ जुलै, तीन दिवसांत त्याची सत्ता गेली.

तेवढ्यात एक टूर ग्रुप आला, चित्रातल्या झेंडा धरलेल्या बाईपुढे, म्हणजे 'लिबर्टी'पुढे, फटाफट फोटो काढले आणि पुढे. इतका राग आला ना! अरे खाली बघा की. डाव्या कोपऱ्यात एक माणूस मरून पडलाय, अंगात नुसता सदरा, कमरेखाली उघडा, एका पायात मोजा, दुसरा पाय अनवाणी. ती बाई, दोन पिस्तुलंवाला तो पोरगा, सगळे या प्रेतांवरूनच पुढे येताहेत. दलाक्र्वा स्वतः बॅरिकेडवर, म्हणजे लोकांनी रस्त्यात उभारलेल्या अडथळ्यांवर, लढला नव्हता, भावाला पत्रात लिहितो की देशासाठी लढलो नाही, निदान चित्र तरी काढीन. मला वाटतं म्हणूनच त्याने मेलेल्यांना नटवलं नाही, तो हक्क आपला नाही हे त्याला कळत होतं.

आणि नवा राजा लुई फिलिप! त्याच्या सरकारने चित्र ३००० फ्रँकला घेतलं, थोडे दिवस लावलं, मग लोक पुन्हा भडकतील म्हणून काढून ठेवलं. ज्या क्रांतीने गादी दिली तिच्याच चित्राची भीती. लुव्रमध्ये ते आलं १८७४ ला, तोवर दलाक्र्वाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. २०२४ मध्ये जुनं व्हार्निश काढून साफ केलंय, त्यामुळे आता धुरामागचे नोत्रदाम चर्चचे मनोरे आणि त्यावरचा इवलासा तिरंगी झेंडाही नीट दिसतो.

तिथून हट्टाने बॅस्टिल चौकात गेलो. तिथला जुलै कॉलम हा स्मारकस्तंभही १८३० च्याच मेलेल्यांचा, खांबावर सोनेरी अक्षरात त्यांची नावं, खाली तळघरात अस्थी. ट्रॅफिकचा नुसता कल्ला, बसायला धड जागा नाही, तरी दिसली तेवढी नावं मी वाचली. जाणार असाल तर हे दोन्ही एकाच दिवशी करा, आधी चित्र मग खांब, लुव्रहून मेट्रोची १ नंबर लाइन थेट बॅस्टिलला सोडते.