एकादशीची रात्र आणि गोठ्यातील गाय

निपाणीजवळील आमचे गाव. आषाढ शुद्ध एकादशी, रात्री.

आईने आज दिवसभर वरीचा भातही घेतला नाही, आणि तीन आठवड्यांपूर्वी व्यायलेली आमची संकरित गाय दोन दिवस आंबोणाला तोंड लावत नाही. सायंकाळी गोठ्यात कंदील धरून उभी असताना आईने विचारले, "पोटात काही नसले म्हणजे लिव्हरलाही विश्रांती मिळत असेल, नाही का गं?"

कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत असूनही मला उत्तराला वेळ लागला. उपाशी यकृत विश्रांती घेत नाही. ते कामे बदलते. प्रयोगशाळेतील उंदराचे अन्न 24 तास काढून घेतले, की यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा जवळजवळ संपतो. रक्तातील साखर कमी करणारे इन्सुलिन उतरते, ती वाढवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक चढते. त्यासरशी ग्लुकोकायनेज आणि फॅटी ॲसिड सिंथेज ही साखर वापरणारी व चरबी घडवणारी एन्झाइमे मंदावतात, तर अमिनो आम्ले व लॅक्टेट यांच्यापासून नवे ग्लुकोज घडवण्याच्या वाटेवरील फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बोक्सिकायनेज वाढते. अशा उंदराला दोन दिवसांच्या उपासमारीनंतर पिष्टमय अन्न भरपूर दिले, तर चरबी घडवायला मदत करणाऱ्या ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची क्रिया पूर्वीच्या पातळीवर न थांबता तिच्याही बरीच वर जाते. मात्र एवढ्याशा जिवाचा एक दिवस आणि आईची एक एकादशी यांची तुलना मी करणार नाही. उंदराचा चयापचय फार वेगवान असतो.

गाईचे गणित तर उंदराहूनही वेगळे आहे, आणि आज मला तेच सांगावेसे वाटते. तिने खाल्लेला कडबा व पेंड पोटातील सूक्ष्मजीव आंबवतात, त्यामुळे आतड्यातून ग्लुकोज फारच थोडे मिळते. तिच्या यकृतात ग्लुकोकायनेजही नगण्य असते. तिचे यकृत भरल्या पोटीही प्रोपिओनेटपासून, म्हणजे या आंबवण्यातून निघणाऱ्या एका आम्लापासून, ग्लुकोज घडवत राहते, किंबहुना भरल्या पोटीच अधिक घडवते. उंदराचे यकृत उपाशीपणी ज्या कामाला लागते, ते गाईच्या यकृतात खाणे थांबताच मंदावते, कारण कच्चा मालच येईनासा होतो. इकडे दुधातील लॅक्टोज या साखरेसाठी ग्लुकोजची मागणी चालूच राहते, अंगावरची चरबी वितळून यकृतात येते आणि तिचे कीटोन, म्हणजे चरबी मोडून होणारे पदार्थ, होऊन रक्तात साचतात. तिच्या श्वासाला काल आलेला गोडसर दर्प त्याचाच होता, आणि तो मी वेळीच ओळखायला हवा होता.

डॉक्टरांनी कीटोसिस असल्याचे सांगून शिरेतून ग्लुकोज दिले व प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगितले. त्याचेही यकृतात ग्लुकोजच होते. मघाशी तिने मूठभर ओली वैरण ओढली. आई उद्या पारण्याआधी तिला पाटीभर पेंड घालायला निघाली होती. मी हात धरून थांबवले. एकदम जास्त पेंड पडली तर पोटात आम्ल वाढेल, म्हणून उद्या वैरणच अधिक आणि पेंड ओंजळीओंजळीने घालायची, असे आमचे ठरले आहे.