डब्यावर ‘रेसिंग’ लिहिलंय म्हणून ऑइल घेऊ नका

टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या प्रीमिक्स ऑइलला, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळायच्या ऑइलला, दोन एकमेकांविरुद्ध कामं करावी लागतात. पेट्रोलबरोबर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) आल्यावर बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं आणि पिस्टनचा स्कर्ट यांना चिकटून राहायचं, जळायचं नाही. तेच ऑइल वर ज्वलनाच्या चेंबरमध्ये पोचलं की मात्र मागे काही न ठेवता जळून जायचं. पहिलं काम उत्तम करणारं ऑइल दुसऱ्यात जरा कमी पडतं, आणि उलटही. त्यामुळे ‘सगळ्यात भारी ऑइल कोणतं’ या प्रश्नाला उत्तर नाही. गाडी कशी चालवता, हे आधी सांगावं लागतं. (गिअरबॉक्सचं ऑइल पूर्ण वेगळं असतं, त्याचा या लेखाशी संबंध नाही.)

मोटोक्रॉस ट्रॅकवर १२५ सीसीची गाडी बहुतेक वेळ वरच्या आरपीएमला, थ्रॉटल उघडा ठेवून पळते. पिस्टन तापलेला असतो, चेंबर तापलेला असतो. इथे उच्च फ्लॅश पॉइंटचं (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते तो), एस्टर (एक सिंथेटिक प्रकार) किंवा एरंडेलावर आधारलेलं ऑइल हवं, कारण ते उष्णतेत फिल्म टिकवतं आणि त्या तापमानाला व्यवस्थित जळतंही. तेच ऑइल जंगलातल्या अरुंद वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालणाऱ्या ३०० सीसीच्या गाडीत घाला. इंजिन तेवढं तापतच नाही, ऑइल अर्धवट जळतं, सायलेन्सरच्या तोंडाला काळा चिकट ओघळ येतो, पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या झडपेवर) डिंकासारखा थर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकायला लागतो. मग लोक ऑइलला शिव्या घालतात. ऑइल चांगलंच असतं, फक्त त्याला हवी तेवढी धग मिळालेली नसते. हळू, तांत्रिक चालवणाऱ्याने मध्यम किंवा कमी फ्लॅश पॉइंटचं सिंथेटिक घ्यावं. फ्लॅश पॉइंट डब्यावर क्वचित असतो, पण कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात बहुधा सापडतो. विकत घेण्याआधी तो आकडा बघायची सवय लावा.

एरंडेलाबद्दल थोडं जास्त. तापलेल्या धातूला चिकटून राहण्यात त्याच्या तोडीचं थोडंच काही आहे. पण ते वार्निश धरतं (कडक चिकट थर), रिंगा खाचेत चिकटवतं, आणि शुद्ध एरंडेल थंडीत पेट्रोलपासून वेगळं होऊ शकतं. त्याचं मिश्रण त्याच दिवशी करावं आणि त्याच दिवशी संपवावं. दर थोड्या तासांनी इंजिन उघडून साफ करणाऱ्या रेसरला ते परवडतं, इतरांनी त्या वासाच्या मोहात पडू नये.

मानकांचं लवकर आटोपतो. जासो या जपानी मानकात एफबी, एफसी, एफडी या चढत्या पायऱ्या आहेत. एफसीत धूर कमी, एफडीत त्याशिवाय साफ ठेवण्याची ताकद जास्त. सर्वसाधारण वापराला एफडी चांगली निवड. अनेक रेसिंग ऑइलांवर जासोचा शिक्का नसतो, कारण त्यांची रचना धूर कमी करण्यासाठी झालेलीच नसते. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल मात्र बोटींच्या, पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनांचं. डर्ट बाइकच्या उष्णतेत त्याने रिंगा चिकटतात, ते घेऊ नका. फोर-स्ट्रोकचं ऑइल तर अजिबात नाही; त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. आणि निळा, लाल, हिरवा हा फक्त रंग आहे. कॅनमधल्या पेट्रोलमध्ये ऑइल घातलंय की नाही हे दिसावं, एवढाच त्याचा उपयोग.

गाडीत ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असेल (केटीएमच्या टीपीआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाल्या, एन्ड्युरो गाड्यांत असतो), तर ‘इंजेक्टरसाठी योग्य’ असं लिहिलेलंच ऑइल घाला. फक्त प्रीमिक्ससाठी बनवलेलं दाट ऑइल पंपातून नीट वाहत नाही.

आता प्रमाण. ३०:१ म्हणजे तीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. यामाहाच्या वायझेड गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ३०:१ असतं, केटीएमच्या कार्ब्युरेटरवाल्या २५०/३०० ईएक्ससीला ६०:१. सुरुवात मॅन्युअलपासूनच करावी. पाच लिटर पेट्रोलला ३२:१ म्हणजे १५६ मिली, ४०:१ म्हणजे १२५, ५०:१ म्हणजे १०० आणि ६०:१ म्हणजे ८३ मिली.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: ऑइल वाढवलं की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. होतं उलट. जेटमधून (कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, म्हणजे हवेच्या हिशेबाने इंजिन लीन होतं. ५०:१ वरून ३२:१ वर आलात तर प्रत्येक लिटर मिश्रणात साधारण एक टक्का पेट्रोल घटतं, शिवाय मिश्रण किंचित दाटही होतं. फरक छोटा आहे, पण जेटिंग (जेटच्या मापांची जुळणी) आधीच लीनच्या काठावर असेल तर तो पिस्टनला कळतो. म्हणून ‘नवा पिस्टन बसवलाय, रन-इनपुरतं (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत) ऑइल दुप्पट करतो’ हा उपाय मला पटत नाही. ठरलेलं प्रमाण ठेवा, इंजिन गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा.

मिसळताना अंदाजे झाकणभर ओतू नका. मिलिलिटरच्या खुणांचा मापाचा कप किंवा मोठी सिरिंज वापरा. कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, त्यावर ऑइल, झाकण घट्ट करून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. मापाचा कप तिरपा करून बघा: दाट ऑइल भिंतीला धरून राहतं आणि ते पाच-सात मिली कॅनमध्ये जातच नाही. थोड्या पेट्रोलने कप विसळून तेही कॅनमध्ये ओता. गाडीच्या टाकीत थेट मिसळलं, तर नीट मिसळण्याआधीच तळातलं दाट ऑइल कार्बमध्ये उतरतं. प्रत्येक वेळी टाकीत भरण्याआधी कॅन हलवा, आणि तारीख व प्रमाण मार्करने कॅनवर लिहा.

दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुनं मिश्रण वापरू नका. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसतात. त्या थरात ऑइल जवळपास नसतं, आणि टाकीचा नळ तळातूनच ओढतो.

सायलेन्सरचा ओघळ थांबत नसेल तर ऑइल कमी करण्याआधी कार्बचं पायलट जेट (कमी थ्रॉटलचं), त्यातल्या नीडलची (सुईची) खाच आणि एअर फिल्टर बघा. बहुतेक वेळा दोष रिच जेटिंगचा असतो. प्लग काळा-ओला हेही तेच सांगतो. सिलिंडर उघडाल तेव्हा क्रँककेसमध्ये डोकवा: तळाशी ऑइलचा पातळ ओलावा दिसला पाहिजे, बेअरिंग कोरडं, निळसर दिसू नये.

ऑइलची जात बदलताना, विशेषतः एरंडेलावरून सिंथेटिकवर जाताना, टाकी आणि कार्बचा बाऊल दोन्ही रिकामे करा. दोन्ही नीट मिसळत नाहीत, गाठी होऊन जेट तुंबतं.

आणि लांब उतार. थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन चाकाच्या जोराने गरागरा फिरतंय, पण पेट्रोल जवळपास येत नाही म्हणून ऑइलही जवळपास येत नाही. कितीही महाग ऑइल टाकीत असलं तरी तिथे ते पुरेसं पोचलेलं नसतं. दर काही सेकंदांनी क्लच दाबा आणि थ्रॉटलला एक झटका द्या.